कर्करोग समजून घेताना (भाग ७) : तुंबलेली किडनी काय सांगते?

संध्याकाळी आमच्या शहरातल्या क्रांती चौकात वाहतूक अडली की जालना रस्त्यावरची रांग मोंढा नाक्याकडे वाढत जाते. शेवटच्या रिक्षावाल्याला चौक दिसत नसतो, तरी पुढे काहीतरी अडले आहे हे त्याला कळते. किडनीला आलेली सूज म्हणजे अशीच रांग.

मागच्या भागात लघवीतल्या रक्ताविषयी लिहिले होते. आजचा शब्द सोनोग्राफीच्या रिपोर्टातला आहे : हायड्रोनेफ्रोसिस. आपण त्याला ‘किडनीला सूज’ म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. सूज म्हटली की ती गोळ्यांनी उतरेल, असे घरात सगळे धरून चालतात. इथे मूत्रपिंड सुजलेले नसते, तुंबलेले असते. खाली वाट अडली, म्हणून लघवी मागे साचून आतली पोकळी फुगते. मराठवाड्याच्या उन्हात मूतखडा घरोघरी ठाऊक. त्यामुळे पहिला संशय खड्यावर जातो आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. पण खडा सापडलाच नाही तर?

मूत्रपिंडाची पोकळी, मूत्रवाहिनी आणि मूत्राशय यांना आतून एकाच जातीचे अस्तर असते. या अस्तराचे कर्करोग बहुतांशी मूत्राशयात होतात. वरच्या मार्गात, म्हणजे पोकळीत आणि मूत्रवाहिनीत होणारे जेमतेम ५ ते १० टक्के. मात्र वरच्या मार्गातले निम्म्याहून अधिक कर्करोग निदान होईपर्यंत अस्तराखाली उतरलेले असतात. मूत्रवाहिनीची भिंत पातळ असते, गाठीला बाहेर पडायला फार अंतर कापावे लागत नाही.

गाठ किती खोल गेली आहे, हेच शस्त्रक्रियेआधी नेमके कळत नाही. दुर्बिणीतून मिळणारा तुकडा इवलासा असतो. त्यावरून पेशींचा आक्रमकपणा समजतो, खोली बहुधा नाही. सीटी स्कॅनलाही सुरुवातीची घुसखोरी सहसा पकडता येत नाही. म्हणून डॉक्टर तुंबलेल्या किडनीकडे बारकाईने पाहतात. ज्यांची किडनी आधीच तुंबलेली होती, त्यांच्यात गाठ स्नायूत किंवा त्याही पलीकडे गेल्याचे अनेक अभ्यासांत अधिक आढळले आहे. युरोपातील मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनीही ही खूण जोखमीच्या खुणांत धरली आहे.

ही खूण एकटीने निकाल देत नाही. मूत्रवाहिनीतली लहान गाठही वाट अडवू शकते, तर किडनीच्या पोकळीतली मोठी गाठ कधी कधी काहीच तुंबवत नाही. तेव्हा सूज नाही म्हणून निर्धास्त होणे चूकच.

आधी कळण्याला इतके महत्त्व का? जोखमीच्या गाठीत किडनी, मूत्रवाहिनी आणि मूत्राशयाचा लगतचा भाग काढतात. शस्त्रक्रियेनंतरच्या केमोथेरपीने रोग उलटण्याचे प्रमाण घटते, हे ब्रिटनमधल्या ‘पाउट’ चाचणीने २०२० मध्ये दाखवले. पण त्यातले मुख्य औषध सिस्प्लॅटिन; ते सोसायला किडनी चांगली चालावी लागते, आणि शस्त्रक्रियेनंतर तर एकच उरलेली असते. जोखीम आधी ओळखली तर दोन्ही किडन्या असतानाच केमोथेरपी द्यायची का, याचा विचार करता येतो. हा वेळ रुग्णाच्या हातून जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

सूज हळूहळू वाढली तर दुखतही नाही. रिपोर्टात हायड्रोनेफ्रोसिस लिहिले असेल आणि खडा दिसत नसेल, तर ‘मग अडले कशाने?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा. लघवीतून एकदाही रक्त गेले असेल, तंबाखू-विडीची सवय असेल, तर तेही न लपवता सांगा.