तळ्याकाठच्या उतारावर शैलोद्यान

तळ्याला लागून असलेली उताराची जमीन बहुधा पडीक राहते. पावसाळ्यात तिची माती वाहून तळ्यात बसते. जमीन तर जातेच, पाणीसाठाही घटतो. अशा जागी शैलोद्यान, म्हणजे दगडांची बाग, केल्यास माती अडते व जागेला शोभा येते.

दगड विकत आणण्याची गरज नाही. विहिरीच्या खोदकामातून निघालेला किंवा धुऱ्यावर पडलेला काळा दगड चालतो. नाल्यातील दगड मात्र काढू नये.

दगडाचे काम मे महिन्यात आटोपावे. वऱ्हाडातील काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर नुसते ठेवलेले दगड सरकतात. म्हणून सुमारे ३० सें.मी. माती काढून मुरूम भरावा. समपातळीत, खालून वर ओळी लावाव्यात. प्रत्येक दगडाचा निदान एक तृतीयांश भाग गाडावा व माथा उताराच्या वरच्या अंगाला कललेला ठेवावा. त्यामुळे पाणी मागे मुरते. जादा पाण्यासाठी बाजूने दगडी चर काढावा.

फटींत माती, वाळू व कुजलेले शेणखत भरावे. चांगला पाऊस झाल्यावर वरच्या भागात कोरफड, घायपात व निवडुंग, तर पाण्याकाठी वाळा लावावा. वाळ्याची खोल मुळे काठ धरून ठेवतात. येथे रासायनिक खते व कीटकनाशके टाळावीत. ती तळ्यातच उतरतात.

एक दक्षता अवश्य घ्यावी. तळ्याच्या मातीच्या भरावावर ही बाग करू नये. तेथे खोदल्यास व मुळे शिरल्यास भराव पाझरू लागतो.