फवारणीची विषबाधा : गाडी येईपर्यंत काय कराल?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-मजूर दगावले. फवारणाऱ्याला मळमळ, दरदरून घाम, अंधारी वा तोंडाला लाळ सुटली, तर ऊन लागले म्हणून सावलीत बसवून थांबू नका. शेताबाहेर आणून १०८ ला फोन लावा. राज्यात २०१४ पासून ही मोफत गाडी डॉक्टरांसह येते. तोवर भिजलेले कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवा. ओकारी काढू नका, दूध-तूप पाजू नका. शुद्ध हरपल्यास कुशीवर निजवा. औषधाचा डबा माहितीपत्रकासह गाडीत द्या. विषावरचा उतारा त्यावर छापलेला असतो. म्हणून फवारणी चालू असताना डबा बांधावर जपून ठेवा. डबा हाती असला, तर डॉक्टरांना विष ओळखण्यात वेळ घालवावा लागत नाही.