तळच्या पायरीचें गणित

महाविद्यालयांत जाऊन अपूर्णांकांची बेरीज शिकावयाची, ही कल्पना आमच्यासारख्या जुन्या शिक्षकास प्रथम चमत्कारिक वाटते. ज्यास बेरीज येत नाहीं त्यानें महाविद्यालयाची पायरी चढूं नये, आणि जो चढला त्यास ती येतच असली पाहिजे, असें धरून चालण्याचा आमच्याकडील शिरस्ता. अमेरिकेंत निराळी रीत पडली. तेथील कम्युनिटी कॉलेजें प्रौढ माणसास सहसा दार बंद करीत नाहींत. पूर्वीं किती गुण मिळाले होते हें पाहून कोणास परत पाठवीत नाहींत. मग आंत आलेल्यास जें येत नाहीं तें तेथेंच शिकविणें प्राप्त होतें. अशा वर्गांत बसलेल्या एका विद्यार्थिनीची हकीकत आम्हांस जवळून ठाऊक आहे. कारण ती आमच्या धाकट्या बंधूंची कन्या, आणि तिला गणितापासून दूर लोटण्याचें काम पूर्वीं आम्हींच केलें होतें.

सन १९९४ मध्यें ती दहावीस बसली. गणितांत उत्तीर्ण झाली, पण कशीबशी. गुण ३५ हून एक-दोनच अधिक. पुढें काय करावें याचा घरांत विचार झाला, तेव्हां शिक्षक म्हणून शेवटचा शब्द आमचा. "हिचें डोकें गणिताचें नव्हे. भाषा घेऊं द्या," असें सांगून आम्ही मोकळे झालों. त्या वेळीं ती स्वयंपाकघरांत पानें मांडीत होती. तिला विचारावें असें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं.

पुढें तिचें लग्न झालें, ती कॅलिफोर्नियांत गेली, मुलें मोठीं झालीं. सन २०१६ मध्यें, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, तिनें परिचारिका होण्याचें मनांत घेतलें. कॉलेजांत प्रथम संगणकासमोर बसवून तिची चाचणी घेण्यांत आली, आणि निकाल आला तो अगदीं तळच्या पायरीचा. तेथें चार पायऱ्या होत्या: अंकगणित, बीजगणिताची पूर्वतयारी, प्रारंभिक बीजगणित व मध्यम बीजगणित. एकेका पायरीस एक सत्र. फी पूर्ण भरावयाची, आणि खालच्या पायऱ्यांचे गुण पदवीच्या हिशेबांत धरावयाचे नाहींत. म्हणजे परिचर्येचें पहिलें पुस्तक उघडण्यापूर्वीं दोन वर्षें नुसत्या गणिताचीं.

"काका, वर्गांत माझ्या मुलाच्या वयाचीं मुलें आहेत, आणि त्यांतलीं निम्मीं माझ्याहून हुशार आहेत," असें तिनें पहिल्या आठवड्यांत कळविलें. तेव्हांपासून तिची रात्र आणि आमची सकाळ अशी एक शिकवणी दूरध्वनीच्या पडद्यावर सुरू झाली. कोणाची शिकवणी कोण घेत होतें, हा प्रश्न निराळा.

पहिली अडचण अपूर्णांकांची. १/२ व १/३ यांची बेरीज तिनें २/५ केली. वरचे वर, खालचे खालीं. आम्ही वर्षानुवर्षें अशा उत्तरावर तांबडी फुली मारीत आलों होतों. तिच्या वर्गांतील शिक्षिकेनें फुली मारली नाहीं, तिनें विचारलें, "दोन पंचमांश अर्ध्याहून मोठे कीं लहान?" आमची पुतणी थबकली. अर्ध्या भाकरीला आणखी तिसरा हिस्सा जोडला आणि भाकरी अर्ध्याहून कमी झाली! त्या रात्रीं तिला ५/६ हें उत्तर नुसतें मिळालें नाहीं, दिसलें. आमच्या मातोश्री शाळेंत गेल्या नव्हत्या, परंतु पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हीं सारीं त्यांस मुखोद्गत होतीं, आणि अर्ध्याहून कमी होणारी भाकरी त्यांनीं क्षणभरहि खपवून घेतली नसती. तीं कोष्टकें आमच्याच पिढीनें मुलांच्या मागून काढून टाकलीं. त्यांच्या जागीं काय दिलें, याचें उत्तर आम्हांस अजून सांपडलेलें नाहीं.

दुसरी अडचण ऋण संख्यांची. उणें तीन यांतून उणें पांच वजा केले तर दोन कसे उरतात? येथें मात्र आम्ही उपयोगीं पडलों. सन ६२८ मध्यें ब्रह्मगुप्तानें ब्राह्मस्फुटसिद्धांतांत या संख्यांचे नियम सांगितले, ते धन आणि ऋण याच शब्दांनीं. आम्ही तिला म्हटलें, "तुझ्यापाशीं पांच रुपये आहेत आणि आठांचें देणें आहे, एकंदरींत तिनांचें ऋण. सावकारानें पांचांचें ऋण माफ केलें. आतां?" "पांच हातांत, देणें तिनांचें... दोन शिल्लक!" असें म्हणून ती हंसली, आणि मग गंभीर होऊन म्हणाली, "काका, हें मला तेव्हां कां नाहीं सांगितलेंत?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. शब्द आमच्याच भाषेचा, ग्रंथ आमच्याच कपाटांत. आणि वर्गांत आम्ही नुसता नियम घोकवून घेत होतों.

दोन पायऱ्या ती चढली. मग सासूबाई आजारी पडल्या आणि एक सत्र सुटलें. तें सुटल्यावर पुन्हा नांव घालण्याचें धैर्य होईना. अशी ती एकटीच नव्हती. अमेरिकेंतील अनेक कम्युनिटी कॉलेजांचा अभ्यास करून २०१० मध्यें कांहीं संशोधकांनीं दाखविलें कीं, ज्यांस अशा पूरक वर्गांत जाण्यास सांगितलें जातें त्यांपैकीं सुमारें ३० टक्के कोणत्याच वर्गांत नांव घालीत नाहींत. त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट अशी कीं, नापास होऊन गळणाऱ्यांपेक्षां, पहिल्या किंवा पुढच्या वर्गांत नांवच न घातल्यानें गळणारे अधिक. गळती गणितांत नव्हती. पायरी आणि पायरी यांच्यामधील फटींत होती. पाया पक्का करा, मग भिंत, असा उपदेश आम्ही जन्मभर केला. पायाच दोन वर्षें खणीत बसलें तर घरधनी निघून जातो, हें ध्यानीं आलें नव्हतें.

आमच्या पुतणीस तिच्या शिक्षिकेनें स्वतः पत्र पाठवून परत बोलाविलें, म्हणून ती परतली.

तिचें गणित संपत आलें तोंच त्या राज्याची व्यवस्था बदलली. सन २०१७ च्या कायद्यानें अशा चाचण्यांचा अंमल उठला; शाळेंतील गुण पाहावे, आणि विद्यार्थ्यानें एका वर्षांत महाविद्यालयीन गणित पुरें करावें अशाच वर्गांत त्यास बसवावें, असें ठरलें. २०१९ च्या शरद्सत्रापासून हें सर्वत्र लागू झालें. जेथें उणें असेल तेथें त्याच सत्रांत जोडीचा वर्ग द्यावयाचा. त्यामुळें वर्षाच्या आंत तें गणित पुरें करणारांची संख्या पुष्कळ वाढली, हें मान्य केलें पाहिजे. परंतु वीस-पंचवीस वर्षांनीं पाटीकडे परतणाऱ्या बाईनें अपूर्णांक कोठें शिकावे, हा प्रश्न त्यानें मिटत नाहीं.

आणि हा प्रश्न गरीब कॉलेजांपुरताहि राहिलेला नाहीं. हार्वर्ड विद्यापीठानें २०२४ मध्यें कलनशास्त्राच्या प्रारंभिक वर्गास बीजगणिताची उजळणी जोडून आठवड्यास पांच दिवस चालणारा वर्ग काढला. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा नोव्हेंबर २०२५ चा अहवाल तर सांगतो कीं, हायस्कुलाच्या पातळीखालीं गणित असलेल्या नवागतांची संख्या २०२० पासून पांच वर्षांत जवळजवळ तीसपट झाली. साथीच्या काळांतील बंद शाळा, रद्द झालेल्या प्रवेशपरीक्षा, शाळांनीं सैल हातानें वांटलेले गुण, अशीं कारणें त्यांत दिलीं आहेत. तेथील पूरक वर्गांत एक प्रश्न असा घातला होता: ७ + २ = □ + ६. शेंकडा पंचवीस जणांस तो सुटला नाहीं. चौकटींत पुष्कळांनीं ९ लिहिले असावे, असा आमचा तर्क. कारण बरोबरचें चिन्ह म्हणजे 'आतां उत्तर लिहा' अशी खूण, हीच समजूत आमच्या वर्गांतहि होती. समीकरण या शब्दांत समान करणें आहे, आणि त्याच्या दोन बाजूंस आपण पक्ष म्हणतों. दोन्ही पक्षांचें ऐकून घ्यावयाचें, हें मुलांस पहिल्या दिवशींच सांगतां आलें असतें.

पुतणी आतां रुग्णालयांत काम करते. औषधाचें प्रमाण यंत्र सांगतें, तरी लहान मुलास द्यावयाचें औषध ती स्वतः ताडून पाहिल्याशिवाय देत नाहीं. मागें तिनें आम्हांस सहज घातलें: ५ मिलिलिटरांत २५० मिलिग्रॅम औषध आहे, ४०० द्यावयाचें आहे, तर किती? हें तर लीलावतींतील त्रैराशिक! प्रमाण २५०, फल ५, इच्छा ४००. इच्छेनें फलास गुणावें, प्रमाणानें भागावें. आम्ही चष्मा शोधून कागद-पेन्सिल घेऊन बसलों. उत्तर दोघांचेंहि आठच आलें. तिचें आधीं आलें.