हक्काचा हिशेब – लेखांक ६ : पीएफचा नॉमिनी आणि फराइजचे हिस्से

गेल्या आठवड्यात आपण घर आणि जमिनीच्या वाटणीविषयी पाहिलं. जमिनीला सातबारा असतो, आणि वारसनोंद करताना तलाठी निदान सगळ्या वारसांची नावं विचारतो. म्हातारपणासाठी साठवलेल्या पैशाचं तसं नाही. भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ, एनपीएस यांच्या अर्जावर एक रकाना असतो, त्यात बहुतेक वेळा एकच नाव असतं, आणि माणूस गेला की सगळी रक्कम त्या नावाच्या खात्यात जाते. बाकीच्यांना कुणी विचारत नाही. नोकरदार मुस्लिम कुटुंबात मयताची मोठ्यात मोठी मिळकत पुष्कळदा हीच असते, आणि वाटणीतून सहज निसटतेही हीच.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट करून घेऊ. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो. तो मालक होतो असं नाही. हे केवळ उलेमांचं म्हणणं नाही, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचंही आहे. सरबती देवी खटल्यात १९८३ साली न्यायालयाने सांगितलं की विम्याचा नॉमिनी रक्कम हातात घेतो, पण वारसांचा हक्क शाबूत राहतो. शिप्रा सेनगुप्ता खटल्यात २००९ साली प्रश्न नेमका भविष्य निधीचाच होता. लग्नाआधी मुलाने आईचं नाव घातलं होतं, ते तसंच राहिलं, आणि तो गेल्यावर सगळ्या रकमेवर आईने हक्क सांगितला. न्यायालयाने विधवेचा वाटा मान्य केला. तिसरा खटला तर मराठी वाचकाच्या घरातलाच म्हणावा लागेल. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या मिळकतीवरून उभा राहिलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल आला: शेअर्सवर नॉमिनी म्हणून नाव आहे एवढ्याने ते त्याच्या मालकीचे होत नाहीत, वारसाहक्काचा कायदा बाजूला सरत नाही.

हे तिन्ही निकाल मुस्लिम कुटुंबांचे नाहीत, पण सूत्र त्यांनाही लागू पडतं. नॉमिनीनंतर वारसाहक्काचा जो कायदा उभा राहतो, तो मुसलमानांसाठी १९३७ च्या शरियत कायद्याने मान्य केलेला शरियतचा कायदा असतो. दोन ठिकाणी मात्र सावध राहायला हवं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांना रकमेवर लाभाचा हक्क मिळेल अशी तरतूद आली. आणि भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या कायद्यात कलम १० मध्ये रक्कम नॉमिनीकडे ‘निहित’ होते अशी भाषा आहे. या दोन्हींचा आधार घेऊन नॉमिनीचा वकील ‘सगळं आमचंच’ असं म्हणू शकतो, म्हणतोही. कोर्टात काय होईल ते होईल. पण ज्याला आपला पैसा फराइजप्रमाणे, म्हणजे शरियतने ठरवून दिलेल्या हिश्श्यांप्रमाणे, वाटला जावा असं वाटतं, त्याने हा वाद आपल्या मुलाबाळांवर का सोडावा?

आता हिशेब. एका गृहस्थाच्या पीएफमध्ये पंचवीस लाख जमले आहेत असं धरू. मागे पत्नी, आई, एक मुलगा आणि दोन मुली आहेत. मुलगा सज्ञान आहे, थोरल्या मुलीचं लग्न झालंय, धाकटी शिकतेय. वाटणीआधी तीन गोष्टी येतात: कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत असेल तर ती, तीही उरलेल्याच्या एक-तृतीयांशापर्यंतच. कर्जात बायकोची न दिलेली मेहरही येते, हे लोक सोयीने विसरतात. कायद्यानेही मेहर हे कर्जच आहे, आणि ते वारशाच्या आधी फेडायचं असतं. आपल्या उदाहरणात मेहर आणि इतर देणी मिळून एक लाख गेले. वसियत नाही. उरले चोवीस लाख.

पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे तीन लाख. आईचा सहावा, म्हणजे चार लाख. राहिलेले सतरा लाख मुलांचे, मुलाला मुलीच्या दुप्पट: मुलगा साडेआठ लाख, दोघी मुली प्रत्येकी सव्वाचार लाख. सूरह निसाच्या अकराव्या आणि बाराव्या आयतींमध्ये हे हिस्से आलेले आहेत. मौलानाला विचारावं लागतं ते नाती गुंतागुंतीची असतील तेव्हा.

याच माणसाने अर्जात फक्त पत्नीचं नाव घातलं असेल तर पंचवीसच्या पंचवीस लाख तिच्या खात्यात येतात. त्यात तिची स्वतःची मेहर आणि तीन लाख. बाकी सासूचे, मुलाचे, मुलींचे, घेणेकऱ्यांचे. सासू ते मागत नाही, थोरली मुलगी ‘अम्मीकडे राहू दे’ म्हणते, आणि काही वर्षांनी ते पैसे धाकटीच्या लग्नात आणि मुलाच्या दुकानात विरून जातात. कुणी चोरी केलेली नसते. पण आजीचे चार लाख आणि थोरलीचे सव्वाचार लाख गेलेले असतात.

काही लोक म्हणतात, मग नावच नको घालायला, आपोआप शरियतप्रमाणे होईल. होत नाही. पीएफच्या योजनेतला परिच्छेद ७० सांगतो की नॉमिनेशन नसेल तर रक्कम कुटुंबीयांत समान वाटायची, आणि त्यातून सज्ञान मुलगा आणि जिचा नवरा हयात आहे अशी विवाहित मुलगी यांना वगळायचं. आपल्या उदाहरणात पत्नी, अवलंबून असलेली आई आणि धाकटी मुलगी यांना प्रत्येकी सव्वाआठ लाखांच्या वर मिळतील. मुलगा आणि थोरली यांना काहीच नाही. रकाना कोरा ठेवणं हाही एक निर्णयच ठरतो, आणि तो शरियतच्या हिशेबाशी जुळत नाही.

मग अर्जात सगळ्यांचे नेमके टक्के घालावेत का? फॉर्म २ मध्ये आणि ऑनलाइन ई-नॉमिनेशनमध्ये एकाहून अधिक नावं आणि प्रत्येकाचा हिस्सा घालता येतो. पीएफच्या दृष्टीने पत्नी, मुलं – विवाहित असोत वा अविवाहित – अवलंबून असलेले आईवडील, मृत मुलाची विधवा आणि तिची मुलं हे सगळे कुटुंबात मोडतात. म्हणजे पत्नीला साडेबारा टक्के, आईला साधारण पावणेसतरा, असं घालून ठेवता येईल. मला हा मार्ग कच्चा वाटतो. फराइजचे हिस्से माणूस गेला त्या क्षणी कोण हयात आहे यावर ठरतात. आई आधी गेली की सगळं गणित बदलतं. आणखी एक मूल झालं, तरीही बदलतं. शिवाय मेहर आणि कर्ज आधी वजा व्हायचं असतं, त्यासाठी अर्जात जागा नाही. टक्के घालायचेच असतील तर घरात जन्म, मृत्यू किंवा निकाह झाला की ते बदलायची शिस्त हवी. लग्नानंतर तर पीएफचं नॉमिनेशन नव्याने करावंच लागतं. लग्नाआधीचं योजनेनुसार रद्द समजलं जातं. तरीही पहिल्या नोकरीत भरलेला अर्ज वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो.

इथे एका अवघड जागेकडे येऊ, कारण घरोघरी दुखणं तिथेच आहे. ज्याला फक्त मुली आहेत, त्याचं काय? पत्नी, दोन मुली आणि एक सख्खा भाऊ असेल, आईवडील नसतील, तर सुन्नी फिकहप्रमाणे चोवीस लाखांतले तीन पत्नीला, सोळा दोघी मुलींना मिळून, आणि उरलेले पाच भावाला. शिया इस्ना अशरी कायद्यात मुलगी असताना भावाला वाटा मिळत नाही, तिथे प्रश्न वेगळा सुटतो. सुन्नी घरात – कोकणातल्या शाफई घरातही – भाऊ वारस आहे. पण पीएफच्या ‘कुटुंबात’ भाऊ येत नाही. पत्नी, मुलं असताना त्याचं नाव नॉमिनी म्हणून घालताच येत नाही. सगळी रक्कम मायलेकींच्या हातात येते, आणि पाच लाखांचा प्रश्न त्यांच्या आणि चाचांच्या मध्ये उभा राहतो.

मुलींच्या बापाची घालमेल मला समजते. केरळमध्ये कासरगोडचे वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर यांनी याच कारणासाठी २०२३ च्या मार्चमध्ये आपल्याच पत्नीशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा विवाह नोंदवला. त्यांना तीन मुली आहेत. त्या कायद्याखालच्या विवाहात वारसाहक्क १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने चालतो, आणि सगळी मालमत्ता पत्नी आणि मुलींकडेच राहते. त्यावर उलेमांनी तीव्र आक्षेप घेतले. मी इथे कुणाचा न्यायनिवाडा करणार नाही. पण शरियतच्या आतच राहायचं आहे असं ज्याने ठरवलं आहे, त्याने नॉमिनेशनच्या आडोशाने भावाचा हिस्सा गुपचूप कमी करू नये. त्याच्यासाठी सरळ रस्ता आहे: हयातीतला हिबा. घर, सोनं, ठेव – जे मुलींना द्यायचं ते जिवंतपणी त्यांच्या ताब्यात द्यावं, आणि मुलींमध्ये दुजाभाव करू नये. ताबा दिला की ती मालमत्ता वारशात येतच नाही. पीएफच्या रकमेचा हिबा मात्र नॉमिनेशनने होत नाही, कारण मरेपर्यंत ताबा कुणाला मिळतच नाही. पत्नीला आठव्या हिश्श्यावर भागणार नाही अशी काळजी असेल तर हेच तिच्या बाबतीतही लागू आहे. मेहर आजच चुकती करा, राहतं घर तिच्या नावे ताब्यासह करा.

वसियतीने पत्नीला जास्त देता येईल का? हनफी आणि शाफई घरात वारसाच्या नावाने केलेली वसियत बाकीच्या वारसांनी मयतानंतर संमती दिली तरच चालते. इस्ना अशरी कायद्यात एक-तृतीयांशापर्यंत ती संमतीशिवायही चालते.

वसियतीचा खरा उपयोग ज्यांना हिस्सा नाही त्यांच्यासाठी आहे. तरुण मुलगा बापाच्या हयातीत गेला, मागे सून आणि लहान नातू राहिले. दुसरा मुलगा हयात असेल तर त्या नातवाला वारशात काही मिळत नाही, सुनेला तर नाहीच. पण पीएफच्या कुटुंबात ही दोघं येतात आणि शरियतमध्ये त्यांच्यासाठी एक-तृतीयांशाची वसियत करता येते. पीएफच्या नॉमिनेशनमध्ये त्यांचं नाव आणि हिस्सा घाला, आणि त्याच दिवशी तेवढ्याच रकमेची वसियत लिहा. सरकारी नियम आणि फिकह इथे हातात हात घालून चालतात, आणि तरीही हे करणारे आजोबा मला फार कमी भेटले आहेत. मुस्लिम वसियतीला स्टॅम्पपेपर लागत नाही, साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर लिहिली तरी पुरते.

इतर खात्यांबद्दल थोडक्यात. पीपीएफमध्ये चार जणांपर्यंत नावं घालता येतात, आणि त्यात भाऊही बसतो. एनपीएसमध्ये तीन. बँकेच्या ठेवींसाठी १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी आणि त्यांचे टक्के अशी सोय झाली आहे. ईपीएसचं विधवा निवृत्तिवेतन योजनाच ठरवते आणि ते ज्याच्या नावे निघतं त्याचं. त्यात वाटणीचा प्रश्न सहसा येत नाही. ग्रॅच्युइटीबद्दल मुफ्तींची मतं सारखी नाहीत, आपल्या दारुल इफ्ताला लेखी विचारून घ्या. आणि गोव्यातल्या वाचकांसाठी: तिथे शरियत कायदा लागू नाही, मुसलमानांसकट सगळ्यांना गोव्याचाच वारसा कायदा आहे. त्यांनी स्थानिक वकिलाशिवाय पुढे जाऊ नये.

माझी शिफारस अशी. ज्याच्यावर सगळ्यांचा भरवसा आहे अशा एकाचं नाव घाला, बहुतेक घरांत ती पत्नीच असते. आणि सोबत एक पत्र लिहा, साधारण असं: ‘माझ्या भविष्य निर्वाह निधीत मी पत्नीचं नाव नॉमिनी म्हणून घातलं आहे. ती रक्कम तिने माझ्या सर्व वारसांची अमानत म्हणून स्वीकारावी. त्यातून आधी माझी देणी आणि मेहर चुकती करावी, आणि बाकी रक्कम माझ्या मृत्यूच्या दिवशी हयात असलेल्या वारसांत फराइजप्रमाणे वाटावी. नॉमिनेशन म्हणजे बक्षीस किंवा वसियत नव्हे.’ खाली तारीख, सही, दोन साक्षीदार, आणि शक्य असल्यास पत्नीचीही सही. यूएएन, खाते क्रमांक आणि देण्यांची यादी त्यालाच जोडा. एक प्रत पत्नीकडे, एक थोरल्या मुलीकडे. मुलीकडे म्हणतोय ते मुद्दाम, कारण हिस्सा बुडायची भीती बहुधा तिच्याच वाट्याला येते.

माणूस गेल्यावर पीएफसाठी फॉर्म २०, निवृत्तिवेतनासाठी १०डी आणि ईडीएलआय विम्यासाठी ५आयएफ भरायचे असतात. अर्ज गेला की पैसे येण्याआधीच मुफ्तींकडून हिश्श्यांचा तक्ता लेखी करून घ्या. पैसे आले की आठवड्याभरात प्रत्येकाच्या खात्यात टाका, रोखीने नको. एखादी मुलगी ‘मला नको, भाईला द्या’ म्हणाली तरी तिचे पैसे आधी तिच्याच खात्यात जाऊ द्या. तिथून पुढे तिला मनापासून द्यायचे असतील तर ती देईल. मागितलेल्या माफीवर आणि घाईत सही करून घेतलेल्या हक्कसोडपत्रावर वाटणी उभी करू नका.

पुढच्या लेखांकात: पीएफवर जमा होणारं व्याज आणि त्या रकमेची जकात.