मियाटाची चाल

महाराष्ट्रात माझदा हे नाव काढले की एका पिढीला शाळेची नाहीतर कंपनीची मिनीबस आठवते. १९८३ साली सुरू झालेल्या ‘स्वराज माझदा’च्या बसमधून ज्यांनी घाट उतरले, त्यांना सांगून खरे वाटणार नाही, पण त्याच दशकात या जपानी कंपनीत अगदी वेगळ्या जातीची गाडी आकार घेत होती. दोनच माणसांची, छत मागे सारता येणारी, वजनाला हलकी आणि वळणावर चालवणाऱ्याला खूष करणारी. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. अमेरिकेत तिचे नाव मियाटा, युरोपात एमएक्स-५ आणि जपानात युनोस रोडस्टर. एप्रिल २०१६ मध्ये हिरोशिमाच्या कारखान्यातून दहा लाखावी गाडी बाहेर पडली. दोन आसनांच्या उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये एवढा खप दुसऱ्या कोणत्याच गाडीला लाभलेला नाही.

१९८९ ते १९९७ ही पहिली पिढी. डोळे उघडावेत तसे वर येणारे हेडलाइट ही तिची खूण. त्या काळात बनलेल्या चार लाखांहून अधिक गाड्यांपैकी कितीतरी अजून धावताहेत, आणि त्या हौशी मालकांच्या हातात आहेत. असा मालक गाडी घेतल्यावर बहुधा सगळ्यात आधी हात घालतो तो सस्पेन्शनला. बाजारात स्प्रिंगा, शॉकअब्सॉर्बर, बार, बुश यांची एवढी रेलचेल आहे की गाडी सुधारणे जितके सोपे, तितकेच तिची चाल बिघडवणेही सोपे.

मुळात ती चाल कशी होती? बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराने १९७९ मध्ये माझदाचे संशोधनप्रमुख केनिची यामामोतो यांच्यापुढे एक कल्पना मांडली: जुन्या ब्रिटिश रोडस्टरसारखी साधी, स्वस्त, मागच्या चाकांवर चालणारी उघडी गाडी आज कोणीच बनवत नाही, तुम्ही बनवा. पुढे हॉल माझदातच नोकरीला लागले आणि यामामोतो कंपनीचे अध्यक्ष झाले. प्रकल्पाची धुरा तोशिहिको हिराई यांच्याकडे आली. ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव, हे त्यांचे सूत्र. वजन साधारण साडेनऊशे किलो, १.६ लिटरचे इंजिन आणि सुमारे ११५ हॉर्सपॉवर. ताकदीने दिपवण्याचा इरादाच नव्हता. बॉनेट ॲल्युमिनियमचे केले. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल ॲल्युमिनियमच्या एका लांब चौकटीने जोडले, म्हणजे पायाखालचा थ्रॉटल दाबताच मागची चाके लगेच उत्तर देतील. पुढच्या आणि मागच्या चाकांवरचा भार जवळजवळ निम्मा-निम्मा राखला.

चारही चाकांना त्यांनी डबल विशबोन सस्पेन्शन दिले. स्वस्त गाडीत ही चैनच होती. या रचनेत प्रत्येक चाक वर-खाली दोन आर्मनी धरलेले असते. वळणावर गाडी कलली तरी या आर्मच्या लांबीचे गणित चाकाला रस्त्यावर सरळ टेकवून ठेवते. खालच्या आर्मच्या मुळाशी एकाक्ष नसलेले, म्हणजे फिरवले की आर्म किंचित आत-बाहेर सरकवणारे बोल्ट आहेत. त्यांच्या जोरावर पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांचा कोन जागेवर जुळवता येतो. हौशी माणसाला आणखी काय हवे?

मग अडचण कुठे आहे? दोन ठिकाणी. पहिली, गाडीला छत नाही. काडेपेटीतला आतला खण बाहेर काढून पिळला तर सहज मुरडतो. तोच टरफलात असताना मुरडत नाही. छताविना गाडीचा सांगाडाही असाच पिळतो. खड्ड्यात एक चाक गेले की डॅशबोर्ड थरथरतो, आरसा हलतो. हा पीळ म्हणजे सस्पेन्शनच्या पाठीमागे बसलेली आणखी एक स्प्रिंग, आणि तिला लगाम घालणारा शॉकअब्सॉर्बर मात्र कोणी बसवलेला नाही. सांगाडा आहे तसाच ठेवून खालच्या स्प्रिंगा दुप्पट ताठ केल्या, तर रस्त्याचा धक्का चाकापाशी मुरण्याऐवजी सांगाड्यात शिरतो. माझदालाही हे ठाऊक होते. १९९४ च्या मॉडेलमध्ये १.८ लिटरचे इंजिन आले तेव्हा सांगाड्याला जादा आधारपट्ट्या लागल्या. त्यांतली एक दोन सीटांच्या मागे, सीटबेल्टच्या दोन खांबांना जोडणारी.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. या गाडीत चाकाला वर उचलायला जागाच थोडी आहे. शॉकअब्सॉर्बरच्या दांड्यावर फोमसारख्या रबराचा एक ठोकळा असतो, बंप स्टॉप. धातू धातूवर आदळू नये म्हणून ती शेवटची उशी. स्टँडर्ड उंचीवरही मियाटाचे चाक या उशीपर्यंत चटकन पोहोचते. आता मालकाने गाडी रुबाबदार दिसावी म्हणून आखूड स्प्रिंगा बसवून दोन-चार सेंटिमीटर खाली आणली, की ती जवळपास त्या उशीवरच बसते. वेगात वळण घेताना बाहेरचे चाक वर चढते, उशी दबते, आणि तोवर मऊ असलेले सस्पेन्शन क्षणात दगडासारखे होते. पुढची उशी आधी लागली तर गाडी वळायला नकार देते. मागची आधी लागली तर शेपूट फिरते. पुष्कळ जण दोष टायरला देतात. दोष उंचीचा असतो.

म्हणून जाणकार गॅरेजवाला स्प्रिंगेपासून सुरुवात करत नाही. तो आधी रबर पाहतो. आर्म जिथे सांगाड्याला जोडले जातात तिथले बुश तीस वर्षांचे झालेले असतात, चिरलेले आणि सैल. ते बदलले तरी अर्धी गाडी नवी वाटते. इथे एक बारकावा चुकून चालत नाही. रबरी बुशच्या आतली नळी बोल्टने आवळली की आर्म हलताना रबर नळीभोवती पिळते, घसरत नाही. गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर जमिनीवर उतरवताच सगळी रबरे कायमची पिळलेल्या अवस्थेत राहतात. गाडी उंच बसते, चाल अडखळते आणि नवे बुश लवकर फाटतात. शेवटचा पीळ गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या उंचीवर उभी असतानाच द्यायचा. पॉलियुरेथेनचे बुश जास्त ताठ असतात, पण ते घसरूनच चालतात. त्यांना ग्रीस लागते, आणि ग्रीस संपले की ते कुरकुरतात. रोजच्या गाडीला चांगले रबर पुरते.

त्यानंतर शॉकअब्सॉर्बर. स्प्रिंग धक्का साठवते. तो विरवण्याचे काम शॉकअब्सॉर्बरचे. जुना झालेला शॉकअब्सॉर्बर गाडीला झुलू देतो, आणि झुलणारी गाडी चालवणाऱ्याच्या मनासारखी चालत नाही. मियाटावाल्यांत दोन नावे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतात. एक जर्मनीचे बिल्स्टीन: एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा गॅस असलेली रचना. फ्रेंच संशोधक द कार्बोन यांच्या या कल्पनेवर बिल्स्टीनने पन्नासच्या दशकात मर्सिडीजसाठी शॉकअब्सॉर्बर बनवायला घेतले. दुसरे नेदरलँड्सचे पिवळे कोनी. ही कंपनी १८५७ मध्ये घोडागाड्यांच्या सामानापासून सुरू झाली. कोनीचा फायदा असा की वरची घुंडी फिरवून परतीच्या चालीचा दाब कमी-जास्त करता येतो. माझदानेही ‘आर पॅकेज’ नावाच्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच बिल्स्टीन बसवले होते. अमेरिकेतल्या ‘स्पेक मियाटा’ शर्यतीत तर सगळ्यांना एकसारखे सस्पेन्शन सक्तीचे, म्हणजे पैशाची नाही, हाताची परीक्षा होते. शॉकअब्सॉर्बर बदलतानाच दुसऱ्या पिढीच्या गाडीची वरची माउंट बसवण्याची युक्ती मालकांत फार जुनी आहे. तिच्यामुळे चाकाला थोडी जादा चाल मिळते, आणि या गाडीत मोल आहे ते त्याच थोड्याला.

स्प्रिंग निवडताना आकड्यांनी फसगत होते. स्प्रिंग आर्मच्या टोकाला नसते, मधे कुठेतरी असते. चाक १० मिलिमीटर वर गेले आणि स्प्रिंग ७ मिलिमीटर दबली, तर चाकापाशी जाणवणारा ताठरपणा डब्यावर छापलेल्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास येतो, कारण या प्रमाणाचा वर्ग करावा लागतो. चालीचा अंदाज दर सेकंदाच्या झोक्यांवरून येतो. साध्या गाडीचे शरीर सेकंदाला एक ते दीड झोका घेते. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला दीड ते दोन झोके पुरतात. त्यापलीकडे ट्रॅकची गाडी सुरू होते, आणि तिला उघड्या रस्त्यावर चाकाखालचा खडा न् खडा कळतो. स्प्रिंगा ताठ घ्यायच्याच असतील तर शॉकअब्सॉर्बर त्यांच्या ताकदीचा हवा आणि उंची जास्त उतरवू नये.

ज्यांना वळणावरचा कल कमी करायचा आहे, पण सरळ रस्त्यावरचा आराम घालवायचा नाही, त्यांच्यासाठी अँटी-रोल बार. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा हा दांडा दोन्ही चाके एकदम वर गेली तर काहीच करत नाही. एकच वर गेले तर पिळतो आणि गाडीला आवरतो. पण मागचा बार फार जाड केला की वळणातले आतले मागचे चाक रस्ता सोडते, आणि डिफरन्शियल साधा असेल तर सगळी ताकद त्या हवेतल्या चाकात वाया जाते. शेवटी सांगाड्याला खालून पट्ट्या. मात्र त्याआधी दारांखालच्या सिल आणि खालचे रेल गंजलेत का हे पाहायचे; ब्रिटनमधल्या गाड्यांत ही जुनी दुखणी आहेत. गंजलेल्या पत्र्यावर पट्टी मारून काही साधत नाही.

हे सगळे झाल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे. रस्त्यावरच्या मियाटाला पुढे सुमारे १ अंश आणि मागे सुमारे दीड अंश, असा चाकांच्या माथ्याचा आतला कल मानवतो. कोन जुळवताना चालवणाऱ्याच्या सीटवर त्याच्या वजनाएवढा भार ठेवायचा. साडेनऊशे किलोच्या गाडीत सत्तर-ऐंशी किलोचा माणूस हा काही क्षुल्लक भाग नाही.

कायद्याची चौकटही आहे. जपानमधल्या सक्तीच्या वाहन तपासणीत गाडी जमिनीपासून किमान ९ सेंटिमीटर उंच लागते, आणि जर्मनीत बदललेल्या स्प्रिंगांना अधिकृत मान्यता लागते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ बनावटीत बदल करायला आडकाठी घालते, तेव्हा उघडी गाडी बाळगणाऱ्या इथल्या हौशींनी आधी नियम वाचलेले बरे.

मियाटा बनवणाऱ्यांनी तिला मऊ, हलकी आणि बोलकी केली होती. चांगले अपग्रेड हे बोलणे स्पष्ट करते, वाईट अपग्रेड तिला ओरडायला लावते. म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवावा: आधी बुश, मग शॉकअब्सॉर्बर आणि बंप स्टॉप, त्यानंतर गरज असेल तरच स्प्रिंग आणि बार, आणि प्रत्येक टप्प्यानंतर अलाइनमेंट. पैसे पहिल्या दोन टप्प्यांतच संपले तरी हरकत नाही. मियाटाची बहुतेक चाल तेवढ्यातच परत येते.