झाकण उघडल्यावरचे पहिले काही क्षण

लॅपटॉपचं झाकण मिटलं की पडदा काळा होतो. उघडलं की अर्धवट लिहिलेलं पत्र जिथल्या तिथे दिसतं. पण आतलं सगळं तसंच थांबलेलं नसतं. 'एस३' या प्रकारच्या झोपेत वीज मिळत राहते ती मुख्यतः रॅमला. प्रोसेसर बंद होतो, आणि ग्राफिक्स, आवाज, वायफाय यांच्या चिप्सचीही वीज बहुधा जाते. त्यांच्या रजिस्टरमधल्या, म्हणजे चिपच्या आतल्या छोट्या साठवणीतल्या, नोंदी मग पुसल्या जातात.

म्हणून झोपण्यापूर्वी प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरला, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामला, त्या नोंदी रॅममध्ये उतरवून ठेवाव्या लागतात. पीसीआय या जोडणीवरच्या उपकरणाची प्राथमिक माहिती अवघ्या 256 बाइटांत मावते. ती वाचणं सोपं. चिपच्या पोटातल्या काही रजिस्टरांत मात्र फक्त लिहिता येतं, वाचता येत नाही. तिथे काय लिहिलं होतं, हे ड्रायव्हरनेच आधीपासून लक्षात ठेवायचं.

क्रमही चुकून चालत नाही. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आधी चालू प्रोग्राम गोठवते, मग पेनड्राइव्ह, त्यानंतर तो जोडलेला हब आणि शेवटी यूएसबी कंट्रोलर झोपवते. उठवताना बरोबर उलट.

1992 च्या एपीएम या वीज-व्यवस्थापन पद्धतीत यातलं बरंचसं काम बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, करत असे. डिसेंबर 1996 मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे नवं मानक आणलं आणि सूत्रं ऑपरेटिंग सिस्टिमकडे आली. हा बदल योग्यच होता, पण त्यामुळे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांवर मोठी जबाबदारी पडली. लिनक्सवर पुढे कित्येक वर्षं लॅपटॉप जागा व्हायचा, पडदा मात्र काळाच राहायचा; कारण ग्राफिक्स चिप सुरुवातीला तयार करणारं बायोस जागं होताना ते काम पुन्हा करेलच असं नव्हतं. 2009 मध्ये लिनक्सच्या 2.6.29 आवृत्तीत इंटेलच्या ग्राफिक्ससाठी ही जबाबदारी कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, स्वतःकडे घेतली.

असा दोष शोधणं फार जिकिरीचं. पडदाच बंद, मग संदेश दिसणार कुठे? मशीन पुन्हा सुरू केलं की रॅममधला पुरावाही जातो. 2006 मध्ये लिनक्सचे निर्माते लिनस टॉरवाल्ड्स यांनी यावर विलक्षण तोडगा काढला. मदरबोर्डवरचं घड्याळ रिस्टार्टनंतरही चालू राहतं, म्हणून जागं होण्याच्या प्रत्येक टप्प्याची खूण त्यांनी त्या घड्याळाच्या तारीख-वेळेतच लिहायला लावली. मशीन अडकलं की ते पुन्हा सुरू करायचं. कर्नल घड्याळातली ती विचित्र वेळ वाचून कोणत्या उपकरणाशी खूण जुळते ते सांगतं. खूण तोकडी असल्याने कधी एकाहून अधिक नावं निघतात, आणि तपासानंतर घड्याळ पुन्हा लावावं लागतं.