डब्यांतले हरणारे पत्ते

गेल्या दिवाळीपूर्वीं आम्ही बिद्रीस एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. घरांत झाडलोट चालली होती. माळ्यावरून एक गंजका डबा खालीं आला. आंत क्रिकेटपटूंचे पत्ते खच्चून भरलेले. "बंबांत घाला हा कचरा," असें घरच्या वडील बाईंनीं फर्माविलें. तोंच साखर कारखान्यांत नोकरीस असलेले त्यांचे चिरंजीव धांवत आले. "आई, तेवढें राहूं दे!" कां, हें मात्र त्यांना सांगतां येईना.

१९९० नंतरच्या दशकांत हे पत्ते आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं आले असतील. वर खेळाडूचें चित्र. खालीं सामने, धावा, सर्वोच्च धावसंख्या, बळी. ज्याचा आकडा मोठा, त्यानें दुसऱ्याचा पत्ता जिंकावयाचा.

अमेरिकेंत बास्केटबॉलपटूंच्या अशाच पत्त्यांत खेळाडूच्या पहिल्या वर्षाच्या पत्त्यास विशेष मान असतो. तेथें पत्त्यावर साल व क्रमांक छापीत, म्हणून पहिला कोणता तें कळतें. आपल्या पत्त्यांवर बहुधा सालच नसे. त्यांतून मुलांनीं खेळून कोपरे मोडलेले. संग्राहकानें पाठ फिरविली, यांत नवल तें काय?

पण साल नसलें तरी आकडे बोलतात. डब्यांतील सचिन तेंडुलकर यांच्या पत्त्यावर कसोटींतील सर्वोच्च धावसंख्या १७९ होती. ही खेळी डिसेंबर १९९४ मधील, नागपूरची. ऑक्टोबर १९९९ मध्यें अहमदाबादेस त्यांनीं २१७ केल्या, तोंवर ती मागें पडली नव्हती. म्हणजे पत्त्यावरील आकडे त्या मधल्या पांच वर्षांतले. बंगळूरांत वाढलेले, मराठी घरांतले राहुल द्रविड यांचें उदाहरण त्याहून बोलकें आहे. जून १९९६ मध्यें लॉर्ड्सवर पहिल्याच कसोटींत त्यांनीं ९५ केल्या. पहिलें शतक, १४८ धावांचें, जानेवारी १९९७ मध्यें जोहान्सबर्गला. तेव्हां ज्या पत्त्यावर त्यांची सर्वोच्च धावसंख्या ९५ असेल, त्यावरील आकडे त्यांच्या पहिल्या सात महिन्यांतले!

आणि येथेंच खरी गंमत आहे. नवख्या खेळाडूचे आकडे लहान. म्हणून त्याचा पत्ता डावांत हरावयाचा, मुलांना नकोसा व्हावयाचा. मुलांनीं जो टाकला, तोच मोठ्यांनींही दुर्लक्षिला. पुढें नांवारूपास आलेल्या मनुष्याचा आरंभ त्याच पत्त्यावर नोंदलेला असतो, हें कोणाच्या ध्यानींच आलें नाहीं.

यांतून घबाड हातीं लागेल, अशी आशा वाचकांनीं धरूं नये. परंतु असा डबा निघाल्यास त्यांतील आकडे एकदां वाचावे. पत्ते कापूं नयेत, चिकटवूं नयेत, भावंडांत वांटून जोड मोडूं नये. कोणाचे व कोठले, एवढें एका चिठ्ठीवर लिहून आंत ठेवावें.

बिद्रीचा तो डबा बंबांत गेला नाहीं. त्या रात्रीं चिरंजीवांनीं आपल्या मुलीस जवळ बसविलें आणि सगळ्यांत लहान आकड्यांचा पत्ता प्रथम तिच्या हातीं दिला.